धुराची नळी आणि गाडीची ओढ



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही संपांचा किंवा कामगार कायद्यांचा इतिहास सांगू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही 'मोटारीचा सायलेन्सर' असे म्हटल्यावर फोनच्या दुसऱ्या टोकाला खरोखरच सायलेन्सर बसल्यासारखे झाले. परंतु हा विषय आम्ही थट्टेने निवडलेला नाही. धुराच्या नळीत फेरफार केला म्हणजे इंजिनाच्या टॉर्कचे, म्हणजे गाडीच्या ओढीचे, काय होते, या प्रश्नापायी आमचा अर्ध्या महिन्याचा पगार एकदा कापला गेला होता. त्याचे उत्तर शोधता शोधताच आम्हांला वाचनाची गोडी लागली. तेव्हा ती हकिकत आधी सांगतो.

साल १९८८. आम्ही अठरा वर्षांचे होतो आणि मुंबईतल्या एका गॅरेजात हाताखालचे काम करीत होतो. दादर-नाशिक मार्गावर फियाट टॅक्सी चालवणारे एक काका एके दिवशी आले आणि आमच्या मिस्त्रींना म्हणाले, "मिस्त्री, कसाऱ्याच्या घाटात गाडी दमते हो. सीटा भरलेल्या, वर टपावर सामान. जरा मोकळी करून द्या." मिस्त्रींनी सायलेन्सरचा डबा कापून काढला आणि मूळ नळीपेक्षा बरीच जाड अशी नळी मागेपर्यंत सरळ जोडून दिली. वेल्डिंगच्या वेळी नळी धरायला आम्हीच होतो. गाडी सुरू झाली तेव्हा सारी गल्ली दणाणली. काका खूश झाले. आवाज वाढला म्हणजे जोर वाढला, ही समजूत तेव्हाही होती आणि आजही आहे.

आठ दिवसांनी काका परत आले. म्हणाले, "अरे पोरा, सपाटीला पळते बरी, पण घाटात आता पहिल्यापेक्षा लवकर गिअर पाडावा लागतो." आणखी महिन्याभराने गाडी ओढूनच आणावी लागली. एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळला होता. मालकांनी फार चौकशी केली नाही. त्या गाडीचे व्हॉल्व्ह पूर्वी आम्ही घासून बसवले होते, एवढा पुरावा त्यांना पुरला. तीनशे रुपयांतले दीडशे कापले गेले. मिस्त्री आम्हांला बाजूला घेऊन म्हणाले, "गप बस, बाळा. नळी थोडी तुंबलेलीच लागते. तुंबल्याशिवाय इंजिन जोर धरीत नाही."

हे वाक्य आम्ही पुढे शेकडो वेळा ऐकले. मुंबईत ऐकले, पुण्यात ऐकले. इंग्रजी पुस्तके वाचू लागलो तेव्हा इंग्लंड-अमेरिकेतले मिस्त्रीही तेच बोलतात असे दिसून आले. ते वाक्य अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच ते इतकी वर्षे टिकले.

टॉर्क म्हणजे काय, हे ज्याने हातात पाना धरला आहे त्याला सांगावे लागत नाही. एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाशी दहा पौंडांचा जोर लावला की नटावर दहा फूट-पौंड पीळ पडतो. इंजिनाच्या क्रँकवर पडणारा असा पीळ तो टॉर्क. आणि हा पीळ मिनिटाला किती फेऱ्या टिकतो, ते त्यात गुणले की अश्वशक्ती. तो मोजण्याची जुनी युक्ती प्रोनी या फ्रेंच इंजिनियराने १८२१ साली काढली. फिरत्या दांड्याला लाकडी ब्रेक आवळायचा आणि त्याला जोडलेल्या दांडीच्या टोकाशी किती वजन तोलले जाते ते पाहायचे. घाटात गाडी चढते ती कमी फेऱ्यांवरच्या टॉर्कच्या बळावर. जाहिरातीत छापतात ती अश्वशक्ती बहुधा फार वरच्या फेऱ्यांवरची असते. टॅक्सीवाल्याचा आणि शर्यतवाल्याचा स्वार्थ इथेच वेगळा होतो.

आता टॉर्क कशावर अवलंबून? मुख्यतः एका खेपेला सिलिंडरात किती ताजे मिश्रण भरले जाते यावर. आधीच्या खेपेचा जळका वायू आत उरला तर तेवढी जागा गेली. पिस्टन अगदी वर आला तरी त्याच्या डोक्यावर थोडी पोकळी राहतेच, आणि पिस्टन तेथला वायू कधीच ढकलू शकत नाही. आठास एक दाबाच्या इंजिनात ही पोकळी पिस्टनच्या एकंदर धावेच्या घनफळाचा सातवा हिस्सा भरते. हा सातवा हिस्सा कोणी बाहेर ओढून काढला तर? धुराच्या नळीचा सारा इतिहास म्हणजे या सातव्या हिश्शासाठी झालेली झटापट होय.

तिची सुरुवात मोटारीत झाली नाही. मँचेस्टरच्या क्रॉस्ली बंधूंच्या कारखान्यात जर्मनीच्या ओटोच्या परवान्याखाली गॅसवर चालणारी स्थिर इंजिने होत असत. गिरण्यांतून, छापखान्यांतून ती एकाच संथ गतीने दिवसभर चालत. तेथे जेम्स ॲटकिन्सन या कल्पक गृहस्थाने १८९० च्या दशकात इंजिनाला सुमारे ६५ फूट लांबीची धुराची नळी बसवून पाहिली. शहाण्या माणसाला वाटेल की एवढ्या लांब नळीने इंजिन गुदमरेल. झाले उलटेच. नळीतून वेगाने निघालेल्या वायूच्या लोंढ्यामागे उणा दाब तयार होई, आणि नेमक्या क्षणी तो पोकळीतला जळका वायू बाहेर खेचून घेई. त्या जागी ताजी हवा आणि गॅस येई.

याचे मर्म असे की, नळीतून नुसता वायू जात नाही, दाबाची एक लाट जाते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरात अजून बराच दाब असतो. त्या धक्क्याची लाट तापलेल्या वायूतून सेकंदाला साधारण ५०० मीटर वेगाने धावते. नळीच्या उघड्या तोंडाशी, किंवा जेथे नळी एकदम रुंद डब्यात शिरते तेथे, ती उलटते आणि शोषणाची लाट होऊन परत फिरते. विहिरीत हाक मारल्यावर हाक परत यावी तसे हे आहे; फरक इतकाच की हाकेला ओकार गेला आणि नकार परत आला. हा नकार जर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटत असताना आणि आतला व्हॉल्व्ह नुकता उघडत असताना दाराशी पोहोचला, तर सातवा हिस्सा मोकळा होतो आणि टॉर्क वाढतो. अवेळी पोहोचला तर काही मिळत नाही. आणि त्याच्या जागी दुसऱ्या सिलिंडरच्या दाबाची लाट पोहोचली तर जळका वायू उलट आत ढकलला जातो आणि टॉर्क घटतो.

आता थोडे गणित करू, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही. नळी एक मीटर असेल तर लाटेची जा-ये दोन मीटर, म्हणजे एका सेकंदाचे चार हजारांश भाग. मिनिटाला ३००० फेऱ्या चालल्या असता तेवढ्या वेळात क्रँक ७२ अंश फिरतो. ६००० फेऱ्यांवर तो १४४ अंश फिरतो. नळी तीच, लाट तीच. पण एका गतीला ती वेळेवर येते आणि दुसरीला चुकते. क्रॉस्लीच्या इंजिनाची गती एकच होती, म्हणून ॲटकिन्सनचे साधले. मोटारीची गती क्षणाक्षणाला बदलते. तेव्हा नळी बदलून मिळवलेला टॉर्क बहुधा फुकटचा नसतो. एका गतीच्या ताटातला उचलून तो दुसऱ्या गतीला वाढलेला असतो.

सुरुवातीच्या मोटारवाल्यांना हे ठाऊक नव्हते. त्यांना सायलेन्सर हा शत्रूच वाटे, आणि त्या काळच्या सायलेन्सरांपुरते ते खोटेही नव्हते. आत भोके पाडलेले पत्रे आडवे घालून वायूला नाना वळसे घ्यायला लावीत. म्हणून अनेक गाड्यांत पायाने उघडायची एक झडप असे. चढ आला की झडप दाबायची, धूर सायलेन्सरच्या आधीच बाहेर, आणि घोडे उधळले तर उधळोत. शहरोशहरी तक्रारी होऊन या झडपांवर बंदी आली. याच सुमारास अमेरिकेत हिराम पर्सी मॅक्झिम यांनी १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले, आणि पुढे त्यांच्या कंपनीने इंजिनांचेही सायलेन्सर केले. यांचे वडील मशीनगनचे जनक. बापाने आवाज काढला, मुलाने तो झाकला. घराण्याचा धंदा मात्र दोन्हीकडून चालला.

इंग्लंडात ब्रुकलँड्सची शर्यतीची वाट १९०७ साली सुरू झाली. शेजारच्या बंगलेवाल्यांनी कोर्टाची पायरी दाखवल्यावर १९२० च्या दशकात तेथे प्रत्येक गाडीला ठराविक मापाचा डबा आणि माशाच्या शेपटीसारखे चपटे तोंड लावण्याची सक्ती झाली. शर्यतवाले चडफडले. तथापि डबा बसवून वेग कसा टिकवायचा, या चिंतेतूनच नळीची लांबी-रुंदी मोजण्याची सवय कारागिरांना लागली. पुष्कळ शास्त्र असे सक्तीतून जन्मते. कारखान्यातल्या सुरक्षेच्या जाळ्या आणि पंखे यांच्याविषयीही आमचा हाच अनुभव आहे.

१९३० च्या दशकात शर्यतीच्या मोटारसायकलींना कर्ण्यासारखी रुंदावत जाणारी नळी आली. कर्ण्याने शोषणाची लाट अधिक बळकट होते आणि वरच्या फेऱ्यांवर जोर पुष्कळ वाढतो. पण खालच्या फेऱ्यांवर टॉर्कमध्ये असा खड्डा पडे की वळणातून बाहेर पडताना स्वाराला क्लच घसरवीत इंजिन वर आणावे लागे. इंग्रज मिस्त्रींनी या दुखण्याला आजारासारखे नाव दिले होते, 'मेगाफोनायटिस', म्हणजे कर्णा-ज्वर म्हणा हवे तर. कसाऱ्याच्या घाटात आमच्या काकांच्या फियाटला झाले ते या ज्वराच्याच जातीचे दुखणे.

दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियात सैन्यातून सुटलेली पोरे जुन्या फोर्ड घेऊन कोरड्या तळ्यांवर शर्यती लावीत. फोर्डचे १९३२ सालचे व्ही-८ इंजिन स्वस्त आणि दणकट. परंतु त्यात प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरांना धुराची दारे तीनच, मधल्या दोघांना एक सामाईक. चाळीतल्या दोन बिऱ्हाडांना एक मोरी असली म्हणजे सकाळी जे होते, तेच तेथे होई. इंग्लंडातल्या बीएमसी कंपनीच्या ए आणि बी जातीच्या चार सिलिंडरी इंजिनांतही मधल्या दोघांचे दार सामाईकच होते. त्यांतले बी जातीचे इंजिन आपल्या ॲम्बॅसडरमध्ये वर्षानुवर्षे चालले. ए जातीचे मिनी गाडीत. मिनीच्या हौशी मंडळींनी यावर तोड काढली ती अशी की, मधली फांदी लांब ठेवायची आणि बाजूच्या दोन फांद्यांना बरीच पुढे जाऊन मिळू द्यायची, म्हणजे एकाची लाट दुसऱ्याच्या दारात अवेळी शिरत नाही. या फेरफाराने मधल्या फेऱ्यांवरचा टॉर्क चांगला सुधारतो, आणि रोजच्या वापराच्या गाडीला तोच हवा असतो. आमच्या मते नळीच्या साऱ्या इतिहासात याच्याइतका प्रामाणिक फेरफार दुसरा नाही.

ज्यांच्या इंजिनात चार दारे सुटी आहेत त्यांच्यापुढे दोन वाटा असतात. स्फोटांचा क्रम १-३-४-२ असेल तर पहिला-चौथा आणि दुसरा-तिसरा अशा जोड्या आधी जुळवायच्या आणि मग दोन्हींची एक नळी करायची. याने टॉर्क मधल्या भागात ऐसपैस पसरतो. किंवा चारही नळ्या एकाच ठिकाणी मिळवायच्या; याने टोकाची शक्ती साधते, मधले थोडे जाते. १९६२ साली फिलिप स्मिथ यांनी या विषयावर इंग्रजीत एक सबंध पुस्तक लिहिले. ते आम्हांला रद्दीच्या दुकानात मिळाले. सूत्रे कळायला एक पावसाळा गेला.

पण या इतिहासातला सर्वांत चटका लावणारा भाग मोटारीचा नाही, दोन धावांच्या मोटारसायकलीचा आहे. पूर्व जर्मनीत त्शोपाऊ या गावी एमझेड नावाचा कारखाना होता. तेथे वाल्टर काडेन हे इंजिनियर अपुऱ्या पैशांत आणि अपुऱ्या सामानात काम करीत. दोन धावांच्या इंजिनाला व्हॉल्व्ह नसतात; ताजे मिश्रण धुराबरोबरच बाहेर निसटते. काडेन यांनी धुराची नळी आधी फुगत जाणारी आणि मग निमुळती केली. फुगवटा मिश्रण खेचून घेतो, आणि निमुळत्या टोकावरून परतणारी दाबाची लाट निसटलेले मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. नळीने जणू व्हॉल्व्हची नोकरी पत्करली. १९६१ पर्यंत त्यांच्या १२५ घनसेंटिमीटरच्या इंजिनातून सुमारे २५ अश्वशक्ती निघत होती, म्हणजे लिटरला २००. मात्र ही शक्ती फेऱ्यांच्या अगदी अरुंद पट्ट्यात. पट्टा सुटला की इंजिन मेल्यासारखे.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, आणि सप्टेंबरात स्वीडनमधल्या शर्यतीनंतर त्यांचा स्वार एर्न्स्ट डेगनर पश्चिमेकडे निघून गेला. तो जपानच्या सुझुकी कंपनीत गेला, आणि ही विद्याही त्याच्याबरोबर गेली. १९६२ साली त्याच डेगनरने सुझुकीवर ५० घनसेंटिमीटर गटाचे जगज्जेतेपद मिळवले. डेगनरला आम्ही सरसकट दोष देत नाही. भिंतीआड कोंडलेल्या माणसाने वाट काढली तर त्याचा न्याय दुरून करू नये. परंतु काडेन त्शोपाऊलाच राहिले आणि १९९६ साली वारले, आणि त्यांची नळी मात्र जपानी गाड्यांखाली साऱ्या जगभर फिरली. आपल्याकडे १९८५ साली आलेल्या आरएक्स १०० या गाडीच्या सायलेन्सरच्या पोटातही तीच फुगवट्याची करामत होती. ती नळी केवळ आवाजासाठी कापणारी पोरे आम्ही पुष्कळ पाहिली. आपण कुणाच्या आयुष्याची कमाई करवतीखाली घालतो आहोत, हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते.

येथे कंपन्यांच्या हिशेबाबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९७२ पर्यंत अमेरिकेतले मोटार कारखाने इंजिनाची शक्ती जाहीर करीत ती बहुतेक चाचणीच्या घोडीवर मोजलेली, मोकळ्या नळ्या लावून, सायलेन्सर आणि इतर जोडण्या वगळून. त्या साली सर्व सामानासह मोजण्याची पद्धत आली, आणि तीच इंजिने कागदावर एकाएकी दुबळी झाली. इंजिनात काही बदलले नव्हते, खोटे तेवढे गेले होते. ढोबळ पगार आणि हातात पडणारा पगार यांतला फरक ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

१९७५ पासून अमेरिकेत गाड्यांच्या नळीत विषारी वायू निवळणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. आपल्याकडे मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चार शहरांतल्या नव्या मोटारींना ते १ एप्रिल १९९५ पासून लागू झाले, आणि शिशाचे पेट्रोल २००० साली सर्व देशातून गेले. पहिल्या कन्व्हर्टरांनी नळी अडत असे हे खरे. पुढे जाळीदार ठोकळे सुधारले आणि तोटा फारच थोडा उरला. तरीही तो ठोकळा फोडून काढून टाकण्याची टूम अजून निघते. जो टॉर्क मिळतो तो हाताला जाणवेल-न जाणवेल इतका, आणि जे विष सुटते ते गॅरेजातल्या पोराच्या आणि चौकातल्या हवालदाराच्या छातीत जाते. या बाबतीत आम्ही मिस्त्रींची बाजू घेणार नाही. टर्बो बसवलेल्या इंजिनाचा नियमही निराळा आहे. तेथे टर्बोच्या मागची नळी जितकी मोकळी तितकी बरी, लाटांचा हिशेब फारसा उरत नाही.

तर मग आमच्या मिस्त्रींचे वाक्य? तुंबण्याने, नुसत्या अटकावाने, टॉर्क कधीही वाढत नाही. बेताच्या बारीक नळीत वायूचा वेग टिकतो आणि लाटा वेळेवर परततात, म्हणून खालच्या फेऱ्यांवर जोर मिळतो. मिस्त्री त्याचे श्रेय अटकावाला देत. शिवाय दुसरे एक कारण असते, आणि आमच्या दीडशे रुपयांचा उलगडा त्यात आहे. नळी एकदम मोकळी केली की इंजिनातून हवा जाण्याचा हिशेब बदलतो, पण कार्ब्युरेटरचे जेट जुन्याच मापाचे राहते. मिश्रणात पेट्रोल कमी पडते. कमी पेट्रोलचे मिश्रण सावकाश आणि तापून जळते, ओढ जाते, आणि महिन्याभरात एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. व्हॉल्व्ह घासणाऱ्याचा त्यात दोष नसतो.

हे आम्हांला कळले तोवर ते गॅरेज बंद पडले होते. परंतु १९९८ साली, आम्ही युनियनचे पूर्णवेळ काम करू लागल्यावर, एका माल पोहोचवणाऱ्या कंपनीच्या वर्कशॉपातून तीन मेकॅनिक आमच्याकडे आले. पेट्रोलच्या व्हॅनचे सायलेन्सर गंजले म्हणून मॅनेजरांनी पैसे वाचवण्यासाठी नुसत्या जाड नळ्या जोडायला लावल्या होत्या. पुढे तीन गाड्यांचे व्हॉल्व्ह जळले आणि भरपाई या तिघांच्या पगारातून चालू झाली. आम्ही त्यांना म्हटले, "दादा, जाड नळीच्या तीन आणि मूळ सायलेन्सरच्या तीन गाड्यांचे प्लग उद्या काढून आणा. पुसू नका." दुसऱ्या दिवशी मॅनेजरांच्या टेबलावर रुमाल पसरून बारा-बारा प्लग दोन ओळींत मांडले. एका ओळीतले बिस्किटाच्या रंगाचे होते, दुसऱ्या ओळीतले खडूसारखे पांढरे. मॅनेजर स्वतः इंजिनियर होते. त्यांनी एक प्लग उचलून बराच वेळ उजेडात धरला, मग जेटचा नंबर विचारला. तो बदललेला नव्हता. पुढच्या पगाराला तिघांचेही कापलेले पैसे परत आले आणि वर्कशॉपात नवे सायलेन्सर आले.